आक्काच्या काठापर्यंत, उभ्यानं

माझी थोरली बहीण आक्काबाई मुळा धरणाच्या पल्याडच्या काठाला राहते, मी अल्याड. मध्ये पाऊण किलोमीटर पाणी. रस्त्याने वळसा घालून गेलं तर दीड तास. वर्षभर आमचं बोलणं बंद होतं, कारण माझ्या ओंकारच्या लग्नात, कोल्हारच्या मांडवात, ती माझ्या समोरून हातभर अंतरावरून सरळ निघून गेली. वरमाय मी, पैठणीत उभी, आणि सख्खी बहीण ओळख दाखवत नाही! त्याच दिवशी ठरवलं, हिला फोन करायचा नाही आणि हिच्या दारात जायचं नाही.

पण अद्दल तर घडवायची होती. दर रविवारी सकाळी आक्का म्हशी पाण्यावर आणते आणि काठावरच्या दगडावर बसते. अल्याडच्या काठाला आमच्या गावच्या अझीमने, गोव्याहून परत आल्यावर, हवा भरायच्या फळ्या आणून ठेवल्यात. फळीवर उभं राहायचं आणि लांब वल्ह्याने पाणी कापत जायचं. माझा बेत साधा होता. उभ्याने, ताठ मानेने तिच्या नाकासमोर जायचं, तिच्याकडे ढुंकूनही न बघता फळी वळवायची आणि परत यायचं. वय बावन्न, पेशा शिक्षिकेचा, पोहणं विहिरीत शिकलेलं. म्हटलं, महिनाभरात जमेल.

पहिल्या दिवशी मी जागच्या जागी गोल फिरले. अझीम काठावरून ओरडला, "बाई, उसाला पानी न्हाई द्यायचं! पातं उलटं धरलंय तुमी."

वल्ह्याच्या पात्याला किंचित बाक असतो. तो फळीच्या तोंडाकडे ठेवायचा. मी आपल्याकडे ठेवला होता, कारण फावडं तसंच धरतात. अझीम म्हणाला, राहुरीत येणारा एकूण एक माणूस हेच करतो. हातात दांडा आला की सगळे पाटाचं पाणी वळवायला, दारं धरायला लागतात.

पातं सुलटं केलं तरी फळी सरळ जाईना. मी वल्हं पार मागे नेत होते, जितकं लांब ओढू तितकं पुढे जाऊ या हिशेबाने.

"पावलापाशी आलं की भाइर काढा," अझीम म्हणाला. "त्याच्या मागं ओढलं की फळीचं तोंड फिरतं. आन दांडा उभा धरा. वरचा हात पान्यावर आला पायजे."

"तू माझा विद्यार्थी होतास तेव्हा तुझा पाढा तेराला अडकायचा," मी म्हणाले.

"अजून अडकतो. हातानं ओढू नका बाई, कमरेनं ओढा."

"कमरेचं नाव काढू नकोस." सहा महिने पट्टा लावला होता मी. आणि पडले. दर रविवारी सात-आठदा, लाइफ जॅकेटसकट, धपाधप. पडले की आधी मी पल्याड बघायचे. आक्का दगडावर तशीच. हलतही नव्हती मेली, आणि त्याचाच जास्त राग यायचा.

आठव्या रविवारी अझीम मला म्हणाला, "बाई, तुमी पानी वडून आनताय. पानी कुटं येतंय? पातं पुरतं बुडवा, तितंच रोवा, आन तुमी त्याच्याकडं जा."

एवढं सोपं होतं तर आठ रविवार कुठे झोपला होता, असं विचारणार होते. पण करून पाहिलं. पातं बुडवलं, कंबर वळवली, आणि फळी अशी पुढे सरकली की मी स्वतःवरच खूश झाले. एका बाजूने सलग नऊ वल्ही, तोंड न फिरता!

नवव्या रविवारी वारा पडलेला होता. मी निघाले. अझीम मागून दुसऱ्या फळीवर येत होता. अर्ध्यावर फळी डुलली, पण मी पडले नाही. आक्काची हिरवी साडी दिसली, मग तिचे हात दिसले. मी हनुवटी वर केली आणि तिच्यापासून पाच पावलांवर झोकात फळी वळवली.

"कोन हाय?" आक्का म्हणाली.

परतीचं वल्हं बुडवता बुडवता मी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं.

"कोन हाय त्ये? अझीमची फळी का? का म्हस पडली?" ती माझ्याकडेच बघत होती, आणि माझ्या डाव्या खांद्याशी बोलत होती. "दर आयतवारी लई धपाधप ऐकू येतं."

तिच्या डोळ्यांत दुधाळ पांढरं साचलं होतं. मी फळीवरून उतरले की पडले, आठवत नाही. छातीभर पाण्यातून तिच्यापर्यंत गेले.

"आक्का, मी. ज्ञाना."

तिने हात पुढे केला, तो आधी वल्ह्याला लागला, मग माझ्या तोंडाला. "भिजली की गं," ती म्हणाली.

"कधीपासून दिसत नाही?"

"ओंकारच्या लग्नाआधीपासनं. समदं धुरकट. मांडवात तुला लई हुडकलं."

"मग फोन का नाही केलास?" मी तिच्यावरच ओरडले. लाज वाटली की माझा आवाज चढतो.

"केला की! बटनं चाचपून लावते. दर टायमाला केडगावचा बन्सी उचलतो. भला मानूस. आता सवय झाली. रोज सांजच्याला इचारतो, भन आली का म्हनून."

तिने कनवटीचा फोन काढून माझ्या ओल्या हातात दिला. नंबर बघितला. शेवटचा एक आकडा चुकत होता. माझा सात, त्याचा आठ. मी आठच दाबला.

"बोला आक्का," पलीकडून एक म्हातारा आवाज आला. "आज सकाळीच?"

"मी तिची बहीण बोलतेय," मी म्हणाले.

त्याने आधी रेडिओ बंद केला. मग म्हणाला, "बाई, वरीस लावलं तुमी."