हुदाचे मासे

हुदा होडेकर येण्याआधी अनिल सुर्व्यांच्या ऑफिसात कौतुक एकाच व्यक्तीचं व्हायचं, आणि ती व्यक्ती म्हणजे नम्रता शितप. मारुती मंदिरजवळ एका मेडिकलच्या वरच्या मजल्यावर हे ऑफिस होतं. काजू कारखान्याची हजेरी, दवाखान्याच्या अपॉइंटमेंट, शाळेची फी असले प्रोग्राम तिथे तयार व्हायचे, आणि ते सगळे नम्रता पायथॉन या संगणकाच्या भाषेत लिहायची. नवं गिऱ्हाईक आलं की अनिल सर तिच्या खुर्चीकडे हात करून म्हणायचे, "ही आहे म्हणून माझं दुकान चाललंय." नम्रता मान वर करायची नाही, पण कान तिकडेच असायचे. देवरुखजवळच्या खेड्यातून ती शिकायला रत्नागिरीत आली होती. वडील मुंबईला नोकरीत, घरात संगणक कुणी हाताळलेला नाही. ते एवढं वाक्य तिला महिनाभर पुरायचं.

मग मच्छीमारांच्या एका संस्थेचं काम आलं. त्यांच्या नव्या माहिती दालनात मोठा टचस्क्रीन बसणार होता. पाहुण्यांनी माशावर बोट ठेवलं की त्याचं नाव, तो कधी मिळतो, कुठल्या जाळ्यात येतो, हे दिसायला हवं होतं. प्रोग्राम अर्थात नम्रताचा. पण चित्रांच्या बाबतीत संस्थेच्या अध्यक्षा खुर्शीदबी हटून बसल्या. "इंटरनेटवरचे मासे नकोत. आमच्या बंदरात उतरतात ते हवेत."

त्यांनीच राजिवडा मोहल्ल्यातल्या हुदाचं नाव सुचवलं. तिच्या बापाची, हारुन होडेकरांची, स्वतःची होडी होती आणि आसपासच्या कितीतरी होड्यांवरची नावं हुदाच्या हातची होती. जाड, जरा डावीकडे झुकलेली, लांबून वाचता येतील अशी अक्षरं. ती ऑफिसात आली आणि तिनं माशांची चित्रं काढलीच, वर त्या होड्यांवरच्या अक्षरांचा एक फाँटही तयार केला. ते कसं करायचं हे ती मोबाइलवर बघून बघून शिकली होती.

पहिल्यांदा जेव्हा खुर्शीदबी ऑफिसात काम बघायला आल्या, तेव्हा नम्रतानं मुद्दाम इस्त्रीचा ड्रेस घातला होता. स्क्रीनवर बोटानं मासे सरकवले की ते अडखळू नयेत, यासाठी तिनं किती खटपट केली होती. पुढचं चित्र लागायच्या आधीच उघडून ठेवायचं, मागचं मिटवायचं, म्हणजे यंत्रावर ताण येत नाही.

"अगो, सौंदाळा बघ!" खुर्शीदबी ओरडल्याच. "आत्ता तव्यावर टाकावा असा. हुदा, रंग कसा गो साधलास?"

"बाबांनी आणला, ओला होता तोवरच काढला," हुदा हसून म्हणाली.

"सरकवून बघा ना," नम्रता मध्येच म्हणाली. "किती पटकन पुढचा येतो ते बघा."

"हो, येतो की," खुर्शीदबी म्हणाल्या आणि पुन्हा हुदाकडे वळल्या. "आणि हा बांगडा, याची पाठ बघ कशी चमकतेय."

अनिल सरही खुर्ची ओढून बसले होते. "मी म्हटलं ना तुम्हाला, ही पोरगी म्हणजे या कामाचा जीव आहे."

नम्रता चहा सांगायला म्हणून खाली गेली. चहावाल्याला तिनं किती कप ते सांगितलंच नाही, नुसती उभी राहिली. कामाचा जीव. तिच्याबद्दल सर 'दुकान चालतं' म्हणायचे, जीव कधी म्हणाले नव्हते.

त्यानंतर तिला एक खोडच लागली. हुदा डबा खायला गेली की ती चित्रांच्या फाइली उघडायची आणि खूप मोठ्या करून बघायची. कुठे रंग बाहेर गेलाय का, कुठे कल्ल्याची रेघ चुकलीय का. चूक सापडायची नाही. जितकं मोठं करावं तितकं आणखी काहीतरी दिसायचं. खवल्यांच्या कडेला हिरवट छटा, डोळ्याभोवती पिवळी कड. मग ती फाइल बंद करायची, आणि हुदा परत येऊन "तुला ठेवलंय गो थोडं" म्हणत डबा पुढे करायची तेव्हा पोट भरलंय म्हणायची.

उद्घाटनाच्या आदल्या आठवड्यात दालनात चाचणी ठेवली. संस्थेची माणसं जमली होती, हारुन होडेकरही धुतलेला सदरा घालून मागे उभे होते. खुर्शीदबींनी बटण दाबलं. स्क्रीन उजळला. वरती संस्थेचं नाव आलं, खाली रांगेत चौकोन आले, आणि सगळे चौकोन राखाडी. एकही मासा नव्हता. खालची नावंसुद्धा हुदाच्या अक्षरांत नव्हती, सरकारी नोटिशीवर असतात तशा साध्या अक्षरांत होती.

मग खुर्शीदबी म्हणाल्या, "काय गो हुदा, मासे कुठं गेले तुझे?"

मागे कुणीतरी हसलं. हुदाचा चेहरा उतरला. ती पुढे होऊन स्क्रीनवर बोट ठेवत राहिली, एका चौकोनावर, दुसऱ्यावर. प्रत्येक वेळी नाव, हंगाम, जाळं सगळं बरोबर यायचं. राखाडी जागा तशीच.

नम्रताला मात्र बघताक्षणी कळलं होतं. तिनं प्रोग्रामला सांगितलं होतं, 'चित्रे' नावाचा फोल्डर उघड. तो कुठे आहे, ते सांगितलं नव्हतं. अशा वेळी प्रोग्राम ज्या जागेवरून सुरू केला जातो त्या जागी फोल्डर शोधतो. तिच्या लॅपटॉपवर ती नेहमी कामाच्या फोल्डरमधूनच तो सुरू करायची, त्यामुळे चित्रं शेजारीच सापडायची. दालनातलं यंत्र चालू होताच प्रोग्राम आपोआप सुरू व्हायचा, पण भलत्याच जागेवरून, आणि तिथे चित्रं कुठून असणार? त्यात तिनंच लिहून ठेवलं होतं की चित्र मिळालं नाही तर तक्रार न करता राखाडी चौकोन दाखव. फाँटचंही तसंच. तो दोघींच्या लॅपटॉपवर बसवलेला होता, इथल्या यंत्रावर नव्हता. चूक तिची होती, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

आणि तरी तिला बरं वाटत होतं. तो चमकणारा बांगडा नाही, तो सौंदाळा नाही. पडद्यावर जे काही नीट चाललं होतं ते फक्त तिचं होतं.

"हुदा, फाइली बरोबर दिल्या होत्यास ना?" अनिल सरांनी विचारलं.

"दिल्या होत्या, सर."

सर नम्रताकडे वळले. "काय झालं असेल?"

"चित्रं फार जड आहेत तिची," नम्रता म्हणाली. आवाज अगदी शांत होता, तिचं तिलाच नवल वाटलं. "या यंत्राला पेलत नसतील. फाँटमध्येही काहीतरी असेल."

हुदानं तिच्याकडे पाहिलं, शंकेनं नाही, आशेनं. "हलकी करून देऊ?"

"करून बघ."

पुढचे चार दिवस हुदा ऑफिसात मान खाली घालून बसली. एकेक चित्र उघडायचं, रंग कमी करायचे, आकार कमी करायचा. डबा ती आणायची, पण कुणाला विचारायची नाही. अनिल सर दोनदा नम्रताच्या खुर्चीशी येऊन बोलून गेले. दुसऱ्यांदा ते आवाज खाली आणून म्हणाले, "पुढचं काम एका आंबेवाल्याचं आलंय, त्याला चित्रं विकतच घेऊया. हौशी माणसावर विसंबून चालत नाही. तू आहेस म्हणून निभावतंय."

हेच वाक्य ऐकण्यासाठी ती झुरत होती. ते आलं, आणि तिच्या मनात एवढंच आलं की हुदा पलीकडेच बसलीय, तिला ऐकू गेलं असेल का.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत हुदा लॅपटॉप घेऊन तिच्याजवळ आली. "सर काय म्हणतील ते म्हणोत. तू खरं सांग. तुझी नजर चांगली आहे, तू माझी चित्रं मोठी करून बघतेस, मी पाहिलंय. कशी झालीत?"

नम्रताचे कान तापले. म्हणजे हिला माहीत होतं, आणि हिनं त्याचा चांगलाच अर्थ घेतला होता.

स्क्रीनवर बांगडा होता. पाठ निळी होती, पण नुसती निळी, भिंतीला दिलेल्या रंगासारखी. हिरवट छटा गेली होती, डोळ्याभोवतीची कड गेली होती. इतके दिवस जी चूक ती शोधत होती ती आता चित्रभर होती, आणि ती तिनंच घालायला लावली होती.

"जुनी आहेत ना तुझ्याकडे?" तिनं विचारलं.

"आहेत. का?"

"दे मला."

तिनं हुदासमोरच प्रोग्राम उघडला. फोल्डर कुठे आहे ते आता तिनं नीट लिहिलं. प्रोग्रामची स्वतःची फाइल जिथे आहे तिथून मोजायला सुरुवात कर, तिच्या शेजारच्या 'चित्रे'मध्ये जा, मग जगात कुठूनही सुरू केलं तरी चालेल. फाँटची फाइल तिनं 'अक्षरे' नावाच्या फोल्डरात ठेवली आणि प्रोग्राम सुरू होतानाच ती उचलायला सांगितली. मग ती म्हणाली, "दालनात चल."

दोघी रिक्षा करून निघाल्या. दालनात अनिल सर आणि खुर्शीदबी उद्घाटनाच्या खुर्च्या कशा मांडायच्या ते ठरवत होते. नम्रतानं नवा प्रोग्राम चढवला, यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं.

मासे आले. मोठ्या पडद्यावर ते ऑफिसातल्यापेक्षाही चांगले दिसत होते. खाली होड्यांवरची ती झुकलेली अक्षरं. खुर्शीदबींनी हातातली खुर्ची तिथेच सोडली. नम्रता बघत राहिली आणि तिला पुन्हा तसंच टोचलं, अगदी पहिल्या दिवसासारखं. वाटलं होतं, निदान आता तरी टोचणार नाही.

"हलकी केल्यावर लागलं बघ लगेच," अनिल सर म्हणाले.

"ही जुनीच आहेत, सर," नम्रता म्हणाली. "जड वगैरे काही नव्हती. मी प्रोग्रामला फोल्डरचा पत्ता चुकीचा दिला होता. फाँटही मीच सोबत दिला नव्हता. आणि ते मला त्याच दिवशी, इथे उभी असतानाच कळलं होतं."

सरांना आधी शेवटचं वाक्य समजलं नाही. समजलं तेव्हा ते म्हणाले, "मग बोलली का नाहीस?"

नम्रतानं पडद्याकडे पाहिलं. उत्तर पडद्यावर होतं, पण ते सांगायचं कसं?

हुदा हळू बोलली. "चार दिवस मी माझेच मासे मारत बसले होते, नम्रता. मोहल्ल्यात बाबांना लोक विचारत होते, पोरीला काम जमलं नाही का म्हणून."

"मला माफ कर."

"आत्ता नाही जमणार," हुदा म्हणाली आणि खुर्शीदबींबरोबर बाहेर गेली.

उद्घाटन झालं. आंबेवाल्याचं काम हुदालाच मिळालं. अनिल सर नव्या गिऱ्हाइकाला नम्रताची ओळख 'प्रोग्राम बघतात' एवढीच करून द्यायला लागले. ती ते वाक्य ऐकायची आणि काम करत राहायची.

मग एका सोमवारी हुदा आपली खुर्ची ओढत तिच्या टेबलाशी आली. "मला शिकव."

"काय?"

"चित्रं आत कशी घ्यायची ते. फाँट कसा उचलायचा ते. परत कुणी म्हणालं की हुदाच्या फाइलींत खोट आहे, तर मला स्वतः उघडून बघता आलं पाहिजे."

माफ केल्याचं त्यात काही नव्हतं. नम्रतानं कीबोर्ड तिच्यासमोर सरकवला. हुदा एका बोटानं टाइप करायची, पण एकदा सांगितलेलं पुन्हा विचारायची नाही. प्रोग्रामच्या फाइलीची जागा, तिच्या वरचा फोल्डर, मग 'चित्रे', मग नाव. चित्र सापडलं नाही तर गप्प बसायचं की मोठ्यानं सांगायचं, हेही तिनं विचारलं.

"मोठ्यानं," नम्रता म्हणाली.

जेवायच्या आधीच हुदानं स्वतः लिहिलेल्या ओळीतून एक हापूस पडद्यावर आणला. नम्रताला हेच शिकायला कॉलेजात कितीतरी दिवस लागले होते. तेच जुनं तिला पुन्हा टोचलं. हुदा उठली आणि सरांच्या केबिनच्या दाराकडे बघून ओरडली, "सर, हे बघा, मी केलं!"

सर बाहेर येईपर्यंत नम्रतानं त्याखालची, पुढच्या चित्राची ओळ वाचली. हुदानं फोल्डरचं नाव लिहिताना एक वेलांटी चुकवली होती. त्या ओळीतलं चित्र उघडणार नव्हतं. सरांच्या चपलांचा आवाज जवळ येत होता. नम्रतानं त्या ओळीवर बोट ठेवलं.

"हुदा, इकडे बघ. आधी ही वेलांटी नीट कर."