तीव्र झटक्याने

"आजार काय लिहू, ताई?"

"आजार नव्हता. झटका."

"हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने..." निधनकाका सवयीने पुटपुटत लिहू लागले. वर्तमानपत्राच्या खिडकीवर निधनवार्ता घेता घेता त्यांचे केस पिकले होते. हे नाव कचेरीनेच लाडाने ठेवलेले.

"हृदयाचा नाही हो. विजेचा."

काकांचे पेन थांबले.

"कोठडीत दिला. तळपाय काळे पडले होते. मीच धुतले." बाई भाजीचा भाव सांगावा तशा बोलत होत्या. त्यांच्या मुलाने भिंतीवर 'पाणी कुठे गेले?' एवढेच लिहिले होते. सरकारने त्याला तातडीने उत्तर दिले, असे म्हणता येईल.

"ताई, तसं छापता येत नाही. कोठडीत गेलेल्याला हृदयविकारच होतो. वरून आलंय तसं."

"आणि तुम्ही लिहिता?"

काका लिहीत होते खरे. यंदा शहरातल्या तरण्याताठ्या पोरांची हृदये फारच तकलादू निघाली होती. धडधाकट आत गेलेली सगळी त्याच एका ओळीतून बाहेर पडली होती, आणि ती ओळ काकांच्या वळणदार अक्षरातली होती. त्यांना त्या अक्षराची शिसारी आली. त्यांनी एक शब्द खोडला आणि कागद आत पाठवून दिला.

सकाळी छापून आले : 'तीव्र झटक्याने निधन झाले.'

"काका, कसल्या झटक्याने?" संपादक अंक नाचवत आले. "वरून फोन आलाय!"

"म्हणजे त्यांना बरोबर कळलं, कसल्या ते."

काकांची नोकरी तिथेच संपली. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर, हुकमावरून, ठळक चौकट : 'कालच्या निधनवार्तेत "हृदयविकाराच्या" हा शब्द नजरचुकीने राहून गेला. तो जोडून वाचावा.' ज्यांनी ती वार्ता पाहिलीही नव्हती, त्यांनीसुद्धा रद्दीतून कालचा अंक उपसून काढला.

त्याच दिवशी काका मागे राहिलेला डबा आणि चष्मा न्यायला आले. ते पिशवीत भरत होते, तेवढ्यात खिडकीवर टकटक झाली. बाहेर एक म्हातारे गृहस्थ उभे होते. हातात पिवळे पडलेले कात्रण.

"इथं चुका दुरुस्त करून मिळतात ना? आमच्या पोराच्या बातमीत एक शब्द जास्त पडलाय."

त्यांच्यामागे रांग रस्त्यापर्यंत गेली होती. प्रत्येकाच्या हातात कात्रण.

"काका, खिडकी लावा आधी!" आतून संपादक ओरडले.

काकांनी पिशवीतून चष्मा काढला, पुसला, डोळ्यांवर चढवला.

"जरा मोठ्यानं सांगा, दादा. कोणता शब्द?"