शिट्टीमहाराजांच्या चिठ्ठ्या

पाळी सुटली की कापडगिरणीच्या फाटकावर झुंबड उडायची. ट्रॅकसूट घातलेला, गळ्यात पंचाची शिट्टी अडकवलेला एक माणूस स्टुलावर चढायचा, डोळे मिटून शिट्टी फुंकायचा आणि ओरडायचा, "सामना शनिवारी आहे तो तुमच्यासाठी! मी कालच बघून आलो!"

मग प्रत्येकाच्या हातात घडी घातलेली चिठ्ठी, तीही फुकट. आपला फुटबॉल संघ जिंकणार, हरणार की बरोबरीत सुटणार, ते आत लिहिलेलं.

"दुसऱ्याला दाखवलीत तर विद्या उतरेल. मग मला बोल लावू नका!"

त्याच महिन्यात आमच्या संघाचे दोन खेळाडू सट्टेवाल्यांकडून पैसे घेताना पकडले गेले होते. सगळेच सामने आधी ठरतात, अशी लोकांची खात्री झाली होती. ठरलेलं आधी सांगणारा तेवढा कुणी हवा होता. तो शिट्टी घालून आला.

माझा जावई दुसऱ्या पाळीत मागावर. त्याच्या तीन चिठ्ठ्या लागोपाठ खऱ्या ठरल्या आणि तो राहतं घर गहाण टाकून सट्टा लावायला निघाला.

मी गिरणीच्या धुलाईखान्यात कामाला. कामगारांच्या कपड्यांवर पाळी, खातं, रांग लिहिलेली असते; ते टाकीत सोडण्याआधी खिसे रिकामे करायचे, नाहीतर कागदाचा लगदा सगळ्या कपड्यांना चिकटतो. तिन्ही पाळ्यांच्या खिशांत हात घालणारा गिरणीत मी एकटाच. वाचायला पंचावन्नाव्या वर्षी शिकलो, त्यामुळे हाती येईल ते वाचतो. या चिठ्ठ्याही वाचल्या आणि ठेवून दिल्या.

त्या घेऊन लेकीच्या घरी गेलो. जावयासमोर मांडल्या.

"हे बघा. पहिल्या सामन्याला पहिल्या पाळीच्या खिशांत 'विजय', तुमच्या पाळीच्या 'पराभव', तिसरीच्या 'बरोबरी'. संघ हरला. पुढच्या वेळी चिठ्ठ्या फक्त तुमच्या पाळीला. सूतखात्याला एक, मागखात्याला दुसरी, रंगखात्याला तिसरी. मागखात्याची खरी ठरली. मग मागांच्या तीन रांगांना तीन. तुमची रांग उरली. तो काही ओळखत नाही हो, नुसता गाळत जातो!"

"मग बाकीचे बोंबलले का नाहीत?"

"महाराज सांगतात ना, तुझा विश्वास कमी पडला म्हणून. कोण चारचौघांत कबूल करणार?"

"पडलाच असेल कमी. माझ्या तीन खऱ्या झाल्या, त्याचं काय?"

लेक दाराशी उभी होती. "अहो, बाबा म्हणतात ते एकदा ऐका तरी."

जावई हसला. "बरं मामा, एक करू. शनिवारची चिठ्ठी खोटी निघाली तर महाराजांचं नाव घेणार नाही. खरी निघाली तर तुम्ही घराबद्दल बोलायचं नाही. कबूल?"

मी कबूल म्हणालो. सगळं समजावून झाल्यावर निकाल मात्र एका सामन्यावर सोपवला. त्याच्यापेक्षा शहाणा समजत होतो मी स्वतःला!

संघ जिंकला. चिठ्ठीत 'विजय' होतं. त्याच्या रांगेतल्या दोघातिघांच्या चिठ्ठ्यांत 'पराभव' होतं, ते मला सोमवारी खिशांत सापडलं. सोमवारीच घराचे कागद सावकाराकडे गेले. मी तोंड उघडलं तर लेकच म्हणाली, "बाबा, तुम्ही शब्द दिलाय."

पाचवी चिठ्ठी महाराजांनी विकत दिली, भली मोठी किंमत लावून. ती खोटी निघाली, सट्ट्यात घर गेलं. सोमवारी फाटकावर महाराज नव्हते.

आता लेक, जावई आणि त्यांची पोर माझ्या एका खोलीत राहतात. जावई माझ्याशी बोलत नाही. परवा एकदाच बोलला. "तुम्ही चिठ्ठ्या उघड्या केल्यात, मामा. विद्या तेव्हाच उतरली."

त्याला समजावणं मी सोडून दिलं.

म्हणून तुम्हाला सांगतो, ज्यांच्या फाटकावर तो अजून आलेला नाही. खेळाडू विकले जातात, हे खरं आहे. पण ज्यांनी ते विकत घेतले, ते गिरणीच्या दारात स्टुलावर चढून फुकट चिठ्ठ्या वाटत नाहीत. कुणाचं भाकीत खरं झालं, तर आधी त्याने किती जणांना काय काय सांगितलं ते विचारा. ज्यांचं चुकलं त्यांना शोधा, त्यांना न हसता बोलतं करा. आणि हे सगळं सामन्याच्या आधी करा. नंतर कुणी ऐकत नाही.