वस्तीवरची रेंज

साहेबांनी पुण्यात खुर्चीतून न उठता टॉवरची पॉवर उतरवली आणि घोडनदीकाठच्या वस्तीवरची रेंज गेली. हे ज्या दिवशी अनुपमाला कळलं, त्या दिवसापासून तिचं डोकं ठिकाणावर नव्हतं. साहेब म्हणजे सत्यजीत सर, तिचेच वरिष्ठ. म्हणजे धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

भानगड अशी होती. इनामगावच्या अलीकडच्या टॉवरवर कंपनीनं नवं यंत्र बसवलं, तर शेजारच्या दुसऱ्या कंपनीची तक्रार आली, की तुमचा सिग्नल आमच्या फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यात घुसतोय. पॉवर उतरवल्यावर तक्रार मिटली. वस्तीचं काय झालं, ते कुणी विचारलंच नाही. उसाच्या ऐन दाटीतली वस्ती, आणि उसात बिबट्या. माणसं एकमेकांना फोन करूनच रानात जातात-येतात. गेल्या आठवड्यात बिबट्यानं गोठ्यातलं वासरू नेलं, तेव्हा वस्तीवरचे म्हातारे हौसराव आप्पा फोन कानाला लावून नुसते अंगणभर फिरत राहिले होते.

अनुपमा जवळच्याच निमोणे गावची. रानात बिबट्या असताना फोन न लागणं म्हणजे काय, हे तिला कुणी समजावून सांगायला नको होतं. पॉवर न उतरवता तक्रार मिटवायची युक्ती तिनं केव्हाच तयार केली होती. साहेबांनी ती ‘बघू’ म्हणून बाजूला सारली होती. शेवटी हट्टानं तिनं एक दिवसाची चाचणी पदरात पाडून घेतली आणि साहेबांना गाडीत घालून वस्तीवर आणलं. गाडीच्या टपावर उंच अँटेना लावून टॉवरशी लॅपटॉप कसाबसा जोडला.

“आवं, पॉवर वाढवा की सरळ! चिकटपणा कशापायी करताय?” हौसराव आप्पा बाजेवर बसत म्हणाले.

“आप्पा, तुमची डीपी, वस्तीचा ट्रान्सफॉर्मर, मागं सारखी का जळायची?” अनुपमानं विचारलं.

आप्पा जरा ओशाळले. वस्तीवर सगळ्यांनी विहिरीवरच्या मोटारींना आपोआप चालू करणारे ऑटो लावले होते. लाइट आली रे आली, की सगळ्या मोटारी एकाच दमात उठायच्या आणि डीपी धाडकन जायची. शिव्या मात्र वायरमनला.

“मंग ज्यानं त्यानं टायमर लावला,” आप्पा म्हणाले. “एक उठली का मंग दुसरी. तवापास्नं डीपी शाबूत हाय.”

“टॉवरचं बी तेच हाय,” अनुपमा त्यांच्याच बोलीत म्हणाली. “एका वक्ताला शेकडो लहरी सुटत्यात. कवा कवा सगळ्यांचे माथे एकदम जुळत्यात आन् मोठी उसळी येती. यंत्राला ती पेलत न्हाई. मंग सिग्नल बिघडून शेजारच्या पट्ट्यात सांडतो. मी त्या लहरी जराशा मागंपुढं सरकवते. उसळी बसती. पॉवर उतरवायची गरजच न्हाई.”

आप्पांनी साहेबांकडं नीट पाहिलं. “म्हंजी डीपी जळू नये म्हणून ह्यांनी आमची लाइटच तोडली म्हणा की!”

“आजोबा, मेन रोडला रेंज आहे,” साहेब हसून म्हणाले. “अर्जंट असेल तर तिथं यायचं.”

“मंग बिबट्याला बी सांगते, मेन रोडलाच ये बाबा,” चहा घेऊन आलेल्या सोजराबाई म्हणाल्या. त्या आप्पांच्या मंडळी.

अनुपमाला हसू आलं नाही. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. तिनं मुकाट्यानं आपली युक्ती टॉवरवर चढवली आणि पॉवर पूर्वी होती तेवढी केली. सोजराबाईंच्या फोनवर रेंज आली. त्यांनी लगेच सुनेला, रुपालीला फोन लावला. रुपाली उसाकडं गवताला गेली होती, आणि ती गेल्यावर बांधावर बिबट्याची पावलं दिसली होती.

“लागला गं बया! कुठं हायेस? पावलं दिसल्यात बांधाला, माघारी ये!”

साहेब सिग्नल मोजायचं मीटर बघत होते. शेजारचा पट्टा स्वच्छ होता. “एक नंबर काम, अनुपमा,” ते म्हणाले. “हे कारखान्यांच्या बाजूला लावू. तिथं मोठं गिऱ्हाईक आहे. इथं मूठभर फोन, त्यांच्यासाठी हे कोण सांभाळत बसणार? चाचणी झाली. हे काढ आणि पॉवर खाली घे.”

ज्यांच्या अंगणात बसून चहा प्याला, त्यांच्याच समोर हे बोलताना माणसाची जीभ अडखळू नये? काम एक नंबर, आणि ज्यांच्यासाठी केलं ती माणसं मूठभर! अनुपमानं लॅपटॉप उचलून साहेबांच्या पुढ्यात बाजेवर ठेवला.

“तुम्ही घ्या, सर. हे बटण दाबलं की झालं.”

“तू कर ना.”

“हा फोन मी तोडणार नाही. तुम्ही तोडा. ह्यांच्यादेखत.”

साहेबांनी चिडून हात पुढं केला. तिकडं सोजराबाईंचं लक्षच नव्हतं. “उसाच्या कडंनं नगं, पाटाच्या अंगानं ये. मोठ्यानं बोलत ये. फोन ठिवू नगं, मी हाय हितंच.”

साहेबांचा हात बटणावर अधांतरी राहिला. हौसराव आप्पा त्या हाताकडं बघत होते.

“ती घरी पोचू दे,” साहेब हळूच म्हणाले.

“ती उद्यापण गवताला जाणार आहे, सर,” अनुपमा म्हणाली. “परवापण.”

साहेबांनी हात मागं घेतला. तो त्यांनी परत पुढं केला नाही.