हसायची चोरी

वेल्डरची बायको त्या दिवशी त्याला घेऊन छातीच्या दवाखान्यात आली ती मनाशी पक्कं ठरवूनच. आज नवऱ्याच्या तोंडून काय ते वदवून घ्यायचं, नाहीतर सरळ लेकीकडे राहायला जायचं. संसारात माणसाने भांडावं, आदळआपट करावी, पण असं अबोल्याने मारू नये. गेले काही महिने ती बोलायला लागली की हा गृहस्थ उठून गॅलरीत जायचा. एके काळी सगळं वर्कशॉप हसवणारा माणूस! त्याला आपलाच वीट आला असणार, दुसरं काय, असं तिने धरून ठेवलं होतं.

सिस्टर वयाने लहान, पण खमकी होती. वर्षानुवर्षं धूर गिळून वेल्डरची फुफ्फुसं कामातून गेली होती, ते एक्स-रेच्या फोटोत दिसतच होतं. तिला फोटोत न दिसणारं हवं होतं. जिना चढताना दम लागतो का? नाही. झोपेत घुसमटतं? छे. भीती, उदास वाटतं? वेल्डरने माशी वारावी तसा हात हलवला. मग तिने त्याच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावून त्याला पॅसेजमधून चालवून आणलं. परत येईपर्यंत त्याचे ओठ निळसर पडले होते आणि चिमट्यावरचा आकडा चांगलाच घसरला होता.

"काका, जिना शेवटचा कधी चढलात?"

त्याला आठवेना. चढणंच सोडलं, मग दम लागणार कुठून? सिस्टरने पेन खाली ठेवलं आणि अजून काय काय सोडलंत ते विचारलं.

बायकोला राहवेना. "माझ्याशी बोलणं सोडलंय," ती म्हणाली. "ते लिहा आधी."

वेल्डरने मान खाली घातली आणि बराच वेळ श्वास जमवला.

"बोलणं नाही, हसणं सोडलंय. ही बोलायला लागली की हसू येतंच. हसलं की खोकला, आणि मग श्वास आत जात नाही. एकदा वाटलं, संपलो. तेव्हापासून हिने तोंड उघडलं की मला धडकी भरते."

इतके दिवस बायको ज्याला वीट समजत होती, ती भीती निघाली. तिला रडू आलं आणि त्या शहाण्याचा संतापही आला.

सिस्टरने दोघांना शिकवलं. दम लागला की पुढे वाकून हात मांडीवर टेकायचे, नाकाने श्वास घ्यायचा, शीळ घालताना करतो तसे ओठ करून हळूहळू सोडायचा. व्यायामाच्या वर्गाला आणि भीतीबद्दल बोलायला दर आठवड्याला यायचं, असंही बजावलं. वेल्डरला तो पोरखेळ वाटला. बायकोने मात्र स्वतः ओठांचा चंबू करून सगळं घोटून घेतलं.

बाहेरच्या बाकावर तिने जावयाची गोष्ट काढली. त्याने घरच्या घरी मशीनने केस कापायला घेतले होते. वेल्डर सवयीने उठायला लागला. तिने त्याची बाही धरली.

"बसा. मी आहे ना."

अर्धं डोकं झालं आणि मशीनचं चार्जिंग संपलं, ती म्हणाली. वेल्डर फिस्सकन हसला. मागोमाग खोकला आला, डोळे विस्फारले, त्याने तिचं मनगट घट्ट धरलं. तीही घाबरली होती, पण हटली नाही. त्याला पुढे वाकवून, पाठीवर हात ठेवून ती त्याच्याबरोबर ओठांचा चंबू करून श्वास सोडत राहिली. लोक बघत होते, बघू देत.

हळूहळू त्याचा श्वास जागेवर आला. त्याने डोळे पुसले, पण तिचं मनगट सोडलं नाही.

"मग?" तो म्हणाला. "तसाच गेला ऑफिसला?"