आइसलंडची चौकशी

आइसलंडमधलं आजवरचं सगळ्यात कमी तापमान उणे अडतीस. वाऱ्याचा सगळ्यात मोठा झोत ताशी अडीचशे किलोमीटरच्या वर. आणि उन्हाळ्याचा उच्चांक म्हणाल तर साडेतीस, तोही एकोणीसशे एकोणचाळीस सालचा. भूगोलात मी कायम काठावर पास, पण पोटची पोर तिथे जाते म्हटल्यावर सगळं आपोआप पाठ होतं.

जुई माझी एकुलती एक. इथे हॉलंडमध्येच वाखनिंगनच्या विद्यापीठात शेतीतलं शिकली आणि आइसलंडच्या एका ग्रीनहाउसमध्ये तिला दोन वर्षांची नोकरी चालून आली. तिकडे जमिनीतून उकळतं पाणी वर येतं. ते पाइपांतून काचेच्या घरात खेळवतात, दिवसरात्र दिवे लावतात आणि बाहेर बर्फ पडत असताना आत टोमॅटो पिकवतात. हे सांगताना पोरीचे डोळे असे चमकत होते की बघवत नव्हतं.

बघवत नव्हतं, कारण माझ्या नवऱ्याला, हेमचंद्रला, जाऊन तीन वर्षं झालीत आणि उइटहॉर्नच्या या घरात मी एकटी. जुई शनिवार-रविवार येते, बूट दारात भिरकावते, फ्रिज उघडा टाकते, तेवढंच काय ते घराला घरपण. पण 'मला एकटीला करमायचं नाही' असं तोंडाने म्हणेल ती सुचेता कसली! मी आपली हवामानाच्या मागे लागले.

"अगं, तिथे वाऱ्याने गाडीचं दार उलटं फिरतं," मी म्हटलं.

"मग दार घट्ट धरायचं, आई."

"एका दिवसात जवळजवळ तीनशे मिलिमीटर पाऊस पडलाय तिथे."

"महाबळेश्वरला त्याहून जास्त पडतो. तूच सांगतेस ना? आणि तू तर इथे समुद्रसपाटीच्या खाली झोपतेस. तुला कोणी काही म्हणतं का?"

कार्टी मराठीत एरवी धड चार वाक्यं बोलत नाही, मला उलटून बोलायचं असलं की बरोबर जमतं.

मी हे सगळं आम्सटलव्हीनच्या कुमुदिनीवहिनींना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "सुचेता, मुलगी द्यायच्या आधी आपण घर बघतो की नाही? पाणी कुठून येतं, शेजार कसा आहे, सगळं विचारतो. मग ही तर दोन वर्षं तिथे राहणार. चौकशी नको?"

मला ते शंभर टक्के पटलं. मी हाउसआर्ट्सच्या, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरच्या, दवाखान्यात फोन घेते, दिवसभर लोकांना "दुखतंय कुठे, कधीपासून" हेच विचारत असते. शिवाय वीस वर्षं डच लोकांत राहून भीडभाड पार गेलेली. जेवणाच्या सुट्टीत ग्रीनहाउसचा नंबर शोधला आणि लावला थेट मालकिणीलाच फोन.

तिचं नाव सिग्रून. आवाज जाडाभरडा, इंग्रजी तुटक, पण बाई सरळ होती. मी विचारलं, पोरगी राहणार कुठे? ग्रीनहाउसला लागूनच दोन खोल्या आहेत, म्हणाली. दवाखाना? रस्ता उघडा असला तर अर्धा तास. आणि बंद असला तर? "तर थांबायचं," ती म्हणाली. डिसेंबरात उजेड किती वेळ? चारेक तास. दुसरी कोणी बाई? मी आहे ना, म्हणाली. इथवर सगळं ठीक होतं. पण एवढ्यावर थांबेन तर ना! उचलली जीभ लावली टाळ्याला. मी म्हणून गेले, "खरं सांगू का, पोरगी मनातून तयार नाहीये. तिला भीती वाटते, बोलत नाही इतकंच."

मग "सांगितलंत ते बरं झालं" असं म्हणून तिने फोन ठेवला. मला आपलं वाटलं, चला, चौकशी छान झाली. मी डबा उघडून पोळीभाजी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, आठवड्याच्या मधल्याच वारी, जुई दारात. पावसात सायकल मारत आलेली, केसांतून पाणी गळतंय.

"तू सिग्रूनला फोन केलास?"

"चौकशी केली गं जरा."

"ती मला म्हणाली, तू घाबरतेस असं कळलं. म्हणाली, उद्या दुसऱ्या कॅन्डिडेटला विचारते. आई, मी कधी घाबरले? कधी म्हटलं मी असं?" ती ओरडत होती आणि मग एकदम ओरडायची थांबली. "बाबा गेल्यापासून मला पहिल्यांदा काहीतरी मनापासून करावंसं वाटलं होतं," ती म्हणाली आणि जिन्याच्या पायरीवर ओल्या कपड्यांनीच बसली.

मला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. पण आमच्या इथली धरणी म्हणजे नुसता चिखल, खणलं की पाणीच लागतं. मी टॉवेल आणून तिच्या डोक्यावर टाकला, तिच्या शेजारी बसले आणि फोन लावला. स्पीकरवर. म्हटलं, जे व्हायचं ते हिच्यासमोर होऊ दे.

"सिग्रून, मी जुईची आई. काल मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. ती तयार आहे. तयार मी नाहीये."

"ते मला कालच कळलं होतं," सिग्रून म्हणाली.

"मग दुसरीला का विचारताय?"

"कारण मला तुमच्या मुलीची काळजी नाही. तुमची आहे." मी जुईकडे पाहिलं. ती टॉवेलमधून फोनकडे बघत होती. सिग्रून पुढे सांगू लागली, "मागच्या वर्षी एक मुलगी होती. कामात पक्की. जानेवारीत तीन दिवस वादळ झालं, आम्ही घराबाहेर पडलो नाही. मुलगी मजेत होती. पण तिची आई रोज संध्याकाळी फोनवर रडायची. फेब्रुवारीत ती पोरगी गेली. ऐन हंगामात मी एकटी उरले. पुन्हा तसं मला परवडणार नाही."

दुधाने तोंड पोळलेली बाई ती, ताक फुंकून पिणारच. तिचं काय चुकलं? उणे अडतीस, अडीचशे किलोमीटर, इतके दिवस पाठ केलेलं त्यातलं काही इथे चालणार नव्हतं.

"जानेवारीत असं वादळ झालं तर तुम्ही काय कराल?" तिने विचारलं.

म्हणजे मुलाखत माझीच होती.

"रडेन," मी म्हटलं. "खोटं कशाला बोलू? माझा नवरा गेला. घरात मी एकटी असते. ही जाते म्हटल्यापासून मला झोप नाही. वाऱ्याचं, बर्फाचं सगळं निमित्त होतं हो. मला एकटं राहायची भीती वाटते, एवढंच खरं आहे." जुईने माझा हात धरला, तो मी सोडवून घेतला, नाहीतर पुढचं बोलणं झालंच नसतं. "पण रडेन ती फोन ठेवल्यावर. तिला परत ये म्हणणार नाही. वादळ असो, आजारपण असो, दिवाळी असो. हा माझा शब्द. तिला घ्या. टोमॅटोचं नाव काढलं की तिचं तोंड कसं होतं ते तुम्ही पाहिलेलं नाही. मी पाहिलंय."

सिग्रून म्हणाली, "पहिल्या तारखेला येऊ दे. चांगले बूट घेऊन." आणि 'बाय' न म्हणताच तिने फोन ठेवला.

आम्ही दोघी पायरीवर बसून राहिलो. जुईने डोकं माझ्या खांद्यावर टेकलं. माझा ब्लाउज तिच्या केसांनी भिजला, पण मी हलले नाही.

"आई," ती हळूच म्हणाली, "मला हे माहीतच नव्हतं. तू कधी बोलली नाहीस. मी नाही गेले तरी चालेल. खरंच. इथेच काहीतरी बघते."

तीन आठवडे मी हेच ऐकायला जिवाचा आटापिटा केला होता. तिने ते अगदी मनापासून म्हटलं होतं. मी नुसतं 'हं' म्हटलं असतं तरी ती राहिली असती.

"आता गेली नाहीस ना," मी म्हटलं, "तर तंगडं मोडून ठेवीन."