मैदान गप्प झालं तेव्हा

माझा मुलगा एमेट अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक आहे, म्हणजे चेंडू हातात घेऊन सगळा डाव चालवणारा. कागदोपत्री. खरं म्हणजे नऊ वर्षं तो टोपी घालून कडेला उभा राहिला आणि दुसऱ्याच्या डावाला टाळ्या वाजवल्या. सात संघ झाले. आमच्या ओहायोतल्या गावात चर्चबाहेर बायका विचारायच्या, "व्लास्टा, यंदा कुठला रंग गं?" राखीव गड्याच्या नावाची जर्सी दुकानात मिळत नाही, म्हणून मी कोरी आणून पाठीवर आमचं आडनाव 'ह्लावाटी' स्वतः शिवायची. एकदा एक अक्षर गाळलं आणि वर्षभर तशीच ऐटीत मिरवली. मला टोकायची कुणाची छाती झाली नाही.

मला एकच हवं होतं. पोराला खऱ्या सामन्यात खेळताना या डोळ्यांनी बघायचं.

त्या रविवारी मैदानावर खेळाडूंच्या घरच्यांसाठी राखलेल्या खुर्च्यांत माझ्या शेजारी लव्हॉन प्रुइट होती. तिचा कॅशियस पहिला क्वार्टरबॅक, माझा त्याच्या मागचा. म्हणजे तिच्या पोराचं काही बिघडल्याशिवाय माझ्या पोराचं नशीब उघडायचं नाही. हे दोघींना ठाऊक, तरी एकाच थर्मासातली कॉफी प्यायचो.

सामना संपत आला होता, गुण बरोबरीत. समोरचे दोन धटिंगण कॅशियसवर कोसळले आणि तो उठलाच नाही. स्ट्रेचर आलं. एमेटनं टोपी काढली, हेल्मेट चढवलं.

माझी मान आपोआप ताठ झाली. मी मेलीनं केससुद्धा सारखे केले, टीव्हीवाले आईला दाखवतात म्हणून!

लव्हॉननं माझं मनगट धरलं. "मला खाली ने. पायच उचलत नाहीयेत."

"अगं, तो जिन्यावरचा गार्ड नेईल की तुला."

"गार्ड काय कुणाची आई आहे?"

उठले. माझं पोरगं मैदानात शिरत होतं आणि मी तिला धरून जिना उतरत होते. मनातल्या मनात तिच्या पायांना, माझ्या चांगुलपणाला, सगळ्यांना शिव्या घातल्या.

डॉक्टरांच्या खोलीबाहेर नुसता सिमेंटचा बोळ. टीव्ही नाही. लव्हॉन रडत होती, मी कान टवकारले होते. आपल्या गड्याच्या हाती चेंडू असला की आपलं मैदान गप्प बसतं, त्याच्या हाका साथीदारांना ऐकू जाव्यात म्हणून. वर अख्खं मैदान गप्प होतं.

"माझ्या पोरासाठी गप्प बसलेत," मी म्हणाले.

"मग तूही बस," लव्हॉन नाक पुसत म्हणाली.

थोडी गडबड. पुन्हा शांतता, आणखी लांब. मग असा जल्लोष उठला की छताची धूळ आमच्या डोक्यावर पडली.

तेवढ्यात डॉक्टर बाहेर आले. "खांदा निखळला होता. बसवलाय. खेळेल पुन्हा."

लव्हॉन माझ्या गळ्यात पडली आणि मला ढकलूनच दिलं. "जा, पळ वर!"

वर पोचले तर लोक घरी निघाले होते.

एमेट आला तो घामाघूम, गालाला गवत चिकटलेलं. "आई, बघितलंस?"

नऊ वर्षांनी विचारलं पोरानं. नाही कसं म्हणू?

"बघितलं तर! फेक बरी होती. कोपर जरा खाली जातं तुझं."

"आई, मी फेकलाच नाही. चेंडू बगलेत धरून पळालो आणि गुणरेषेपलीकडे पालथा पडलो."

"तेच म्हणतेय मी," मी म्हणाले. "पडताना."